घरगुती पाण्याची टर्बाइन: पाती ४ लावू, ८ की १२? (नववीचा प्रकल्प, सोलापूर)

निरुपमा_सो
नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पाण्यावर फिरणारी टर्बाइन करायची आहे आणि पात्यांची संख्या बदलली की काय फरक पडतो ते तपासायचं आहे. सध्याचा आराखडा असा: दोन जुन्या सीडी, त्यांना चिकटवलेले आईस्क्रीमचे चमचे, वर दोन लिटरची बाटली, बाटलीच्या तळाशी भोक. पाणी चमच्यांवर पडेल आणि मिनिटाला किती फेऱ्या होतात ते मोजायचं.
शिक्षक म्हणतात, "पाती जास्त तेवढं चांगलं, त्यात तपासायचं काय?" हे खरं आहे का? आणि नळ चार-पाच दिवसांआड येतो हे लक्षात घेऊन सांगा. खर्च पाच-सहाशेच्या आत.

शेंगाचटणी
सिद्धेश्वर तलावात नेऊन सोडा की. पाण्याला तोटा नाही, खर्च शून्य.

दोन_आणे_शहाणा
तलावाचं पाणी उभं असतंय ओ. वरून खाली यायला उंची नाही, तर चाक नुसतं आंघोळ करेल.

मापात_पाप
निरुपमाताई, विषय चांगला आहे, पण या आराखड्यात दोन मोठ्या चुका आहेत. दोन्ही मोजमापाच्या आहेत, चाकाच्या नाहीत.

पहिली चूक बाटलीची. बाटली रिकामी होत जाते तशी पाण्याची पातळी उतरते आणि झोताचा वेग कमी होतो. वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. २० सेंमी पाणी असताना झोत सेकंदाला साधारण २ मीटरने निघतो, ५ सेंमी उरलं की १ मीटरने. म्हणजे ४ पात्यांची चाचणी भरल्या बाटलीवर आणि ८ पात्यांची अर्ध्या बाटलीवर झाली, तर तुम्ही पाती मोजतच नाही आहात, बाटली मोजताय.

दुसरी चूक फेऱ्यांची. मोकळं फिरणारं चाक किती पळतं यावरून ते किती काम करतं ते कळत नाही. मोकळ्या चाकाचं जवळजवळ सगळं बळ बेअरिंगच्या घर्षणात आणि हवेत जातं. दोन पात्यांचं हलकं चाकसुद्धा गरगर फिरेल आणि ५० ग्रॅम वजन अडकवलं की थांबेल. चाकावर ओझं टाका, मग मोजा. आसावर दोरी गुंडाळून वजन उचलायला लावा. वजन, उंची आणि वेळ यांवरून वॅट थेट मिळतात, मीटर-बिटर काही लागत नाही.

ही पद्धत नवी नाही. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५९ साली रॉयल सोसायटीपुढे पाणचक्क्यांचे प्रयोग मांडले, त्यात हेच केलं होतं: छोटं चाक, हातपंपाने पाणी परत वरच्या टाकीत आणि दोरीने उचललेलं वजन. वरून पाणी पडणारं चाक खालून ढकललेल्या चाकाच्या जवळपास दुप्पट काम करतं, हे त्यातून निघालं.

निरुपमा_सो
अरे वा! पण मग पाण्याची पातळी स्थिर कशी ठेवायची? सतत ओतत राहायचं?

पाटाचं_पाणी
सतत ओतायचं नाही, सतत सांडू द्यायचं.

रंगाची २० लिटरची बादली घ्या. वरच्या काठापासून चार बोटं खाली बाजूला एक भोक, त्यात पाऊण इंची पाइपचा तुकडा. जास्तीचं पाणी या पाइपाने खालच्या टबात परत. तळाशी दुसरं भोक, तिथून नोझलकडे जाणारा पाइप. खालच्या टबात कूलरचा पंप, तो बादली भरत राहतो. जोपर्यंत सांडव्यातून थोडंसं का होईना पाणी पडतंय, तोपर्यंत पातळी हललेली नाही, इतकी साधी खूण आहे. सगळं मिळून २५-३० लिटर पाणी पुरतं आणि तेच फिरतं. नळाची वाट बघायला नको.

उंची ८० सेंमी धरा. ही उंची बादलीतल्या पाण्याच्या पातळीपासून नोझलच्या तोंडापर्यंत मोजायची, जमिनीपासून नाही. तिथे झोत सेकंदाला साधारण ४ मीटरने निघतो. ६ मिमीच्या निमुळत्या तोंडातून मिनिटाला सव्वासहा लिटरच्या आसपास पाणी येईल. म्हणजे सेकंदाला ०.१०५ लिटर × ९.८ × ०.८, सुमारे ०.८२ वॅट. पाण्याकडून तुम्हाला मिळणारा सगळा माल एवढाच. यातला चाकाने किती घेतला, हा प्रकल्प.

आणि पाइप जाड घ्या. अर्ध्या इंची हिरव्या पाइपात या प्रवाहाला मीटरमागे सुमारे ८ सेंमी उंची घर्षणात जाते, म्हणजे तुमच्या ८० तली १०%. एक इंची पाइपात अर्धा सेंमीही जात नाही.

हुरडा_पार्टी
पाटाचंपाणी, तुमचा कूलरचा पंप एवढं पाणी चढवेल का? खोक्यावर तासाला हजार लिटर लिहिलेलं असतं ते शून्य उंचीला. साधा १८ वॅटचा पंप पावणेदोन-दोन मीटरला पूर्ण दम टाकतो. इथे टबापासून सांडव्यापर्यंत सव्वा मीटर तरी होणार. सहा लिटर मिनिटाला, शिवाय सांडायला जास्तीचं. मला तरी शंका आहे.

पाटाचं_पाणी
शंका रास्त. म्हणून टबाची पातळी नोझलच्या जेवढी जवळ ठेवता येईल तेवढी ठेवायची, चाकाचं खालचं टोक बुडू न देता. तरीही सांडवा कोरडा पडला तर उंचीला हात लावू नका, नोझल लहान करा. ५ मिमीला प्रवाह साडेचार लिटरवर येतो. किंवा ४० वॅटचा मोठा कूलरपंप. उन्हाळा संपला की आपल्याकडे घरोघरी माळ्यावर कूलर झोपलेलेच असतात, एखादा उठवा.

शेंगाचटणी
पंपच नाही घेतला तर? एक पोरगं मगाने ओतत बसेल की.

पाटाचं_पाणी
चालेल, खरंच. एक वाचन १५ सेकंदांत होतं. मगाने ओतून सांडवा वाहता ठेवला तरी अचूकतेत काही कमी होत नाही. फक्त पाणी ओतल्याने बादलीत उसळी येते, म्हणून ज्या बाजूला ओतणार तिथे कूलरच्या ताटीचा एक तुकडा उभा करा.

कांडीवाला
आता चाकाबद्दल. चमचे चिकटवून दोन तास टिकतील, प्रदर्शनाचे दोन दिवस नाही. पटकन चिकटणारा द्रव पाणी आणि सततचा मार सहन करत नाही, आणि आईस्क्रीमचे काही चमचे ज्या प्लास्टिकचे असतात त्याला तर तो धरतच नाही.

पाती एक इंची पीव्हीसी पाइपाची करा. पाइपाचे ३० मिमीचे तुकडे कापायचे, प्रत्येक उभा अर्धा करायचा, दोन अर्धगोल मिळतात. प्रत्येक अर्धगोलाच्या मधोमध, एका टोकाकडून १५ मिमी लांबीची खाच हॅक्सॉने. दोन सीडी एकमेकांवर चिकटवल्या की जाडी सुमारे अडीच मिमी होते, तेवढी खाच कानशीने रुंद करा. आता पातं सीडीच्या कडेवर नुसतं सरकवायचं, १५ मिमी आत, १५ मिमी बाहेर. सीडीला काप द्यायचाच नाही, कापलेली सीडी हमखास तडकते. जागा कोनमापकाने आधी मार्करने आखून घ्या. दोन्ही बाजूंनी अराल्डाइट, पूर्ण २४ तास हात नाही लावायचा. चिकटवण्याआधी सीडीची चकाकी आणि पीव्हीसी दोन्ही खरखरीत कागदाने घासा, नाहीतर पातं अराल्डाइटसकट सालपटासारखं निघतं.

४, ६, ८, १२, १६ साठी वेगवेगळी चाकं करा. एकाच चाकावरची पाती काढून-लावून चालणार नाही, तोल बिघडतो. ४६ पाती होतात, ६ तुकडे वाया धरले तरी एक मीटरभर पाइपात काम होतं.

आस ८ मिमीचा गुळगुळीत गज, दोन्ही टोकांना ६०८ नंबरचं बेअरिंग. हे स्केटिंगच्या चाकात असतं, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. पत्र्याच्या झाकणाचं घ्या. रबरी सीलचं जड फिरतं, आणि इथे सगळा मिळून पाव वॅटचा खेळ आहे. आतलं ग्रीस रॉकेलमध्ये धुऊन काढा आणि शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब. दिवस संपला की पुसून पुन्हा तेल, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंजून कुरकुरतं. सीडीचं भोक १५ मिमीचं, गज ८ चा. मधे इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळून बसवा आणि चाक फिरवून कड डगमगते का बघा.

दोन_आणे_शहाणा
अर्धगोल उभे लावायचे की आडवे? तुम्ही लावलेत त्याची नाली चाकाच्या केंद्राकडून बाहेर जाणारी झाली. मला वाटतं आडवे लावले, नाली आसाला समांतर, तर ओंजळीसारखं पाणी धरून ठेवतील.

कांडीवाला
धरून ठेवायचंच नाही ओ. इथे झोताचा धक्का घ्यायचा आहे, पाण्याचं वजन नाही. नाली त्रिज्येच्या दिशेने असली की झोत मधल्या तळाला आदळून डावी-उजवीकडे वळतो आणि उलट्या दिशेने बाजूला पडतो. आडव्या नालीत तेच पाणी पात्याबरोबर वर जातं आणि पुढच्या पात्याच्या पाठीवर सांडतं.

मापात_पाप
कांडीवाल्यांचं बरोबर. हिशेबात बघा: सपाट पात्याला झोताच्या ऊर्जेपैकी सैद्धांतिकदृष्ट्यासुद्धा निम्मीच मिळू शकते, कारण पाणी आदळून बाजूला पसरतं आणि उरलेला वेग घेऊन जातं. झोत पूर्ण उलटा वळवला तर कागदावर १००% पर्यंत. लेस्टर पेल्टनचं १८८० चं पेटंट याच युक्तीचं आहे: दोन वाट्या शेजारी शेजारी, मधे धारदार कणा, झोत कण्यावर. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांतली चाकं याच जातीची.

दोन्ही प्रकारात पातं झोताच्या निम्म्या वेगाने पळत असताना काम सर्वाधिक होतं. ४ मीटरचा झोत म्हणजे पात्याचा वेग २ मीटर, १२ सेंमी व्यासाला मिनिटाला साधारण ३१५ फेऱ्या. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये एका पात्यावर लाल खूण करून मोजता येतं.

हुरडा_पार्टी
मग उजनीला पण पेल्टन का नाही बसवलं?

मापात_पाप
धरणाच्या पायथ्याशी उंची कमी आणि पाणी भरपूर, तिथे झोताचं चाक अवाढव्य होईल. उजनीचं १२ मेगावॅटचं यंत्र तर दोन्हीकडे फिरणारं आहे, वीज करतं आणि वेळ पडली तर पाणी मागे जलाशयात चढवतं. पण हे भाचीच्या प्रकल्पात नको, परीक्षक उजनीवर गेले की परत येत नाहीत.

निरुपमा_सो
सगळं लिहून घेतेय. नोझल कशाचं करू? पाइपाला बूच लावून ६ मिमी ड्रिल केलं तर?

पाटाचं_पाणी
तसं नको. धारदार भोकातून झोत बाहेर आल्यावर आकसतो, साधारण ६२% च पाणी येतं. फटी बुजवायच्या सिलिकॉनच्या ट्यूबबरोबर जी निमुळती प्लास्टिकची टोपी मिळते ती घ्या, हव्या त्या व्यासाला ब्लेडने कापता येते.

मापात_पाप
इथे माझा थोडा विरोध. भोकातून पाणी कमी येतं, पण वेग जवळजवळ तेवढाच असतो आणि झोतही काचेसारखा स्वच्छ निघतो. वाया काही जात नाही, प्रवाह कमी होतो इतकंच. फसगत तेव्हा होते, जेव्हा प्रवाह मोजायच्याऐवजी व्यासावरून काढतात. प्रवाह नेहमी मोजायचा: झोत ३० सेकंद बादलीत धरा आणि मापाच्या भांड्याने मोजा. मग टोपी असो की भोक, एकच राहिलं म्हणजे झालं.

नोझल पात्यापासून २-३ सेंमीवर, आडवं, चाकाच्या खालच्या बाजूला. झोताचा मध्य आसाच्या ६० मिमी खाली. वरून मारलात तर वापरलेलं पाणी खालच्या पात्यांवर पडून त्यांनाच अडवतं.

शेंगाचटणी
आणि सगळं घर ओलं. २० लिटरचा पाण्याचा जार आडवा कापून चाकावर झाकणासारखा ठेवा, पारदर्शक असतो, आतलं दिसतं.

कांडीवाला
शेंगाचटणी, पहिल्यांदाच कामाचं बोललात.

हुरडा_पार्टी
वजन उचलायचं कसं पण? चाक टबाच्या वर वीतभर. वजन खाली लोंबकळायला जागाच नाही.

कांडीवाला
आसावरून दोरी सरळ वर न्या, दाराच्या चौकटीला किंवा लोखंडी स्टँडला कप्पी, दोरी तिच्यावरून पलीकडे खाली. वजन जमिनीपासून वर चढतं. तंगूसची बारीक दोरी वापरा, सूत भिजलं की फुगतं. आसावर टेपचा जाड थर नको, दोरी पसरून गुंडाळली जाईल एवढी ८-१० सेंमी मोकळी जागा ठेवा.

दोन_आणे_शहाणा
दोरीवर दोरी चढली तर त्रिज्या वाढते, मग सगळी आकडेमोड चुकणार ना?

मापात_पाप
वॅटच्या सूत्रात त्रिज्या येतच नाही: किलो × ९.८ × मीटर ÷ सेकंद. पण त्रिज्या वाढली की चाकावरचं ओझं वाढतं आणि ते मधेच मंदावतं, म्हणून दोरी एकाच थरात असलेली बरी. वजन म्हणून छोटी बाटली घ्या. मोकळ्या बाटलीचं वजन वाण्याच्या काट्यावर करून घ्या, मग पाणी भरून हवं तेवढं करा.

आधी ३० सेंमी धावू द्या, म्हणजे चाक वेग पकडेल. मग ५० सेंमीच्या दोन खुणांमधला वेळ. ५०, १००, १५०, २००, २५०, ३०० ग्रॅम, प्रत्येक तीनदा. उदाहरणार्थ २०० ग्रॅमला ४.१ सेकंद लागले तर ०.९८ ज्यूल ÷ ४.१ = ०.२४ वॅट. पाण्याचे ०.८२, म्हणजे २९%. घरच्या चाकाला हे वाईट नाही. वजन वाढवत गेलं की वॅट आधी वाढतात, मग घटतात, शेवटी चाक थांबतं. प्रत्येक चाकाचा असा एक डोंगर काढा आणि शिखरांची तुलना करा.

शेंगाचटणी
एवढं करून दिवा नाही पेटला तर परीक्षक पुढच्या टेबलावर जातील.

हुरडा_पार्टी
खेळण्यातली छोटी मोटर लावा, उलटी फिरवली की वीज.

कांडीवाला
त्या मोटरला हजारो फेऱ्या लागतात, ३०० ला पाव व्होल्टही धड येणार नाही. कॉम्प्युटरचा पंखाही नको, त्याच्या आत सर्किट असतं, नुसता फिरवून सरळ वीज निघत नाही. भंगारातल्या प्रिंटरची स्टेपर मोटर घ्या, कमी फेऱ्यांतही व्होल्ट देते. तिच्यातून उलटसुलट प्रवाह येतो, म्हणून १एन४००७ चे चार डायोड ब्रिजमध्ये, पुढे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग पांढरी एलईडी. मोटर हाताने फिरवताना अडखळते, लहानातली लहान निवडा, नाहीतर चाक सुटणारच नाही.

पण मोजमाप विजेने करू नका. मोटर आणि डायोड किती खातात ते कळत नाही आणि पात्यांचा फरक त्यात बुडतो. वजन मोजायला, दिवा दाखवायला.

आणि टबात २३० व्होल्टचा पंप आहे. अर्थिंग असलेली तीन पिनांची वायर, जोड पाण्यापासून लांब, पंप चालू असताना टबात हात नाही. हे मुलीला दोनदा सांगा.

निरुपमा_सो
(बारा दिवसांनी)
चार चाकं तयार झाली, १६ चं बाकी आहे. उंची ८० सेंमी, मोजलेला प्रवाह मिनिटाला ६.२ लिटर. २०० ग्रॅम, ५० सेंमी, सरासरी वेळ: ४ पाती ६.९ सेकंद, ६ पाती ५.२, ८ पाती ४.३. पण १२ पात्यांना ४.०, ४.६, ५.१ असं आलं. सरासरी ८ पात्यांपेक्षा वाईट. म्हणजे पाती जास्त झाली की काम घटतं, असं लिहायचं का?

हुरडा_पार्टी
१२ पात्यांचं चाक जड झालं ना, म्हणून मंद.

मापात_पाप
नाही. जड चाकाला वेग पकडायला वेळ लागतो, पकडल्यावर फरक नसतो. त्यासाठीच तर आधी ३० सेंमी धावू दिलं.

ताई, सरासरी काढू नका. ४.०, ४.६, ५.१ हे विखुरलेले आकडे नाहीत, क्रमाने वाढत चाललेले आहेत. काहीतरी हळूहळू कमी होत होतं. सांडवा वाहत होता का?

निरुपमा_सो
विचारलं तिला. "शेवटी शेवटी नव्हता वाहत" म्हणे. टबातलं पाणी उडून कमी झालं होतं आणि पंप घरघरत होता.

पाटाचं_पाणी
सापडलं. पंपाने हवा ओढली, बादलीची पातळी उतरली. १० सेंमी उतरली तरी २०० ग्रॅमवर एवढा फरक पडतो, कारण वेगही घटतो आणि धक्काही. जारचं झाकण नीट बसवा, टबात आणखी दहा लिटर, आणि वहीत एक रकाना वाढवा: सांडवा वाहता, हो की नाही. "नाही" असलेलं वाचन सरळ खोडायचं.

मापात_पाप
आता मूळ प्रश्न. तुमच्या चाकाची त्रिज्या ६० मिमी, पात्याचं टोक ७५ वर. झोत टोकांच्या वर्तुळात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत ९० मिमी जातो, म्हणजे केंद्राशी साधारण ७४ अंश. तेवढ्या वेळात निम्म्या वेगाने पळणारं पातं ४३ अंश पुढे सरकतं. उरले ३१ अंश. दोन पात्यांत यापेक्षा जास्त अंतर असेल तर काही पाणी कोणालाच न भेटता पार होतं. ३६० ला ३१ ने भागा, बाराच्या जवळ येतं. ४ पात्यांत अंतर ९० अंश, म्हणून बरंच पाणी निसटतं. ८ ला ४५ अंश, थोडं निसटतं. तुमचे ६.९, ५.२, ४.३ हेच सांगतायत, आणि सांडवा वाहत असतानाचे ते ४.० सुद्धा. १२ ची चाचणी पुन्हा घ्या. १६ ला माझ्या अंदाजाने फारसा फायदा दिसणार नाही, पात्यांची पाठ झोताला लागून कदाचित किंचित तोटाच. शिक्षकांना हेच दाखवा.

दोन_आणे_शहाणा
आणि १६ ला जास्तच काम निघालं तर?

मापात_पाप
तर माझा अंदाज खोडायचा, वाचन नाही. आधी सांडवा बघून.

शेंगाचटणी
प्रदर्शनात स्टॉल कुठला ते सांगा. मी चटणी आणि कडक भाकरी घेऊन येतो, वजन म्हणून अडकवायला.